मेंढीवाल्या मॅडम

गंगापूर रोडवर तेव्हा बंगले होते, बंगल्यांत कुत्री होती, एका वकिलाकडे तर पांढरा पोपटही होता. मेंढी मात्र फक्त बर्वे मॅडमकडे होती. मागच्या अंगणात जांभळाखाली बांधलेली. तिचं नाव सुलोचना.

नव्वदच्या दशकात मी त्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागलो. रोज ओझरहून एस.टी.ने यायचो. लॅब म्हणजे त्यांच्या बंगल्याचा खालचा अंधारा भाग. वर त्या एकट्याच राहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाल्या, "बटाटे आण. मोड आलेले नकोत, हिरवे नकोत."

मला वाटलं, घरकामालाच ठेवलं की काय. बटाटे आणले. मॅडमनी ते उकडले, पाणी गाळून त्यात ग्लिसरीन आणि काय काय घातलं. मग मागे जाऊन सुलोचनाच्या मानेतून सिरिंजभर रक्त काढून आणलं, त्यात कालवलं आणि काचेच्या बशांमध्ये ओतून ठेवलं.

"डांग्या खोकल्याचा जंतू फार नखरेल आहे," त्या म्हणाल्या. "त्याला हेच जेवण लागतं. ताजं लागतं."

स्वतः त्या दुपारी गार पोळी उभ्यानंच खायच्या.

शेजारच्या काकांना या प्रकारात अमावास्येचा वास आला. त्यांनी महानगरपालिकेत तक्रार केली. इन्स्पेक्टर आला, तेव्हा मॅडमनी त्याला शांतपणे सांगितलं, "ती पाळलेली नाही. स्टाफवर आहे." तो माणूस कागदावर काय लिहावं याचा विचार करत बराच वेळ उभा राहिला आणि चहा पिऊन गेला.

मॅडमना लग्नामुंजीला बोलवायला लोक कचरायचे. त्यांच्या पर्समध्ये कायम बारीक तारेच्या टोकाला बसवलेला एक बोळा असायचा. नमुना घ्यायला तो नाकातून थेट घशाच्या मागपर्यंत घालायचा. साधा कापूस चालत नाही, त्यानं जंतू मरतो, हे त्या रिक्षावाल्यालाही सांगायच्या. एकदा माझ्या चुलतभावाच्या मुंजीत त्या भरल्या पंगतीतून उठल्या आणि खोकणाऱ्या एका पोरापाशी जाऊन बसल्या.

"किती दिवस खोकतोय? खोकून उलटी होते?"

"अहो, मिरची लागलीय त्याला," त्याची आई म्हणाली.

पंगत उठेपर्यंत मॅडम तिथून हलल्या नाहीत. मिरचीच होती. परतताना त्या खट्टू होत्या. रोग निघाला नाही म्हणून खट्टू झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

खरं तर जंतू सापडायचाच नाही. लोक यायचे उशिरा, तेही चार ठिकाणची औषधं घेऊन. बशा कोऱ्या राहायच्या. "अजून बघू," म्हणून मॅडम त्या आठवडा उलटला तरी फेकू द्यायच्या नाहीत. रोज सकाळी एकेक बशी उजेडाकडे धरून बघायच्या आणि परत ठेवायच्या. ते बघून माझाही दिवस काळवंडायचा. एकदा एका डॉक्टरांचा फोन आला, नुसतं 'निगेटिव्ह' लिहून मोकळ्या व्हा म्हणून.

"निगेटिव्ह म्हणजे जंतू नाही," मॅडम म्हणाल्या. "मला सापडला नाही, एवढंच मला माहीत आहे. तेवढंच लिहीन." त्या डॉक्टरांनी पुन्हा कधी पेशंट पाठवला नाही.

त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत पेठकडच्या डोंगरातलं एक जोडपं आलं. बाईचं नाव यमुना. पदराखाली तान्ही मुलगी होती. ती खोकत नव्हती, मधूनच श्वास धरायची आणि निळी पडायची. एका दवाखान्यात निमोनिया म्हणून औषध चालू होतं. खोकत होती ती यमुना.

"तुला कधीपासून आहे गं खोकला?" मॅडमनी विचारलं.

"झालं की पंधरा दिस. माझं काय नाय बाई, पोरीला बघा."

मॅडमनी दोघींच्याही नाकातून नमुने घेतले. त्यांना स्वतः रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं, पोरीला भरती केलं.

मुलीची बशी कोरी राहिली. औषध आधीच पोटात गेलं होतं. यमुनेच्या बशीवर मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी पाऱ्याच्या बारीक थेंबांसारखे ठिपके उठले. मॅडमनी काचपट्टीवर बघून खात्री करून घेतली, तोच जंतू होता. मला वाटलं, आता पेढे मागवतील. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. पोरीला जरा बरं वाटताच आईबाप तिला घेऊन निघून गेले होते. भात उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही औषधं घेऊन काळ्या-पिवळ्या जीपनं निघालो. पुढे बरंच चालावं लागलं. घरासमोर नागलीची कणसं वाळत होती. यमुना दारात बसली होती. तिचा पदर सपाट होता. ते पाहून मॅडम थबकल्या.

नवरा म्हणाला, "परवा गेली."

मॅडम यमुनेच्या शेजारी जमिनीवर बसल्या. घरात आणखी दोन पोरं होती, दोघंही खोकत होती. मॅडमनी प्रत्येकाचं औषध वेगळं करून समजावलं, नवऱ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. यमुना काही ऐकत नव्हती. मग ती एकदम म्हणाली, "बाई, नर्सबाई सांगत व्हती, माझाच खोकला तिला लागला. खरं हाय का?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या पर्समध्ये यमुनेचा रिपोर्ट होता.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझी तपासणी मीच केली ना? तुझ्यात काही निघालं नाही."

"मंग ह्या गोळ्या मला कशाला?"

"घरातल्या सगळ्यांनाच आहेत. तू पण घे, सगळ्या संपव."

यमुनेनं गोळ्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि त्या पदरातच तोंड लपवून रडू लागली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळ तो तिथेच होता.

परतीच्या जीपची वाट बघत आम्ही फाट्यावरच्या टपरीत बसलो. मी दोन चहा सांगितले. मॅडमच बोलल्या.

"मी सात वर्षांची असताना मला हा खोकला झाला होता. मग धाकट्या भावाला झाला. तो गेला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आई म्हणायची, तुझ्यामुळे. चिडून नाही रे, सहज म्हणायची, भाजी निवडतानासुद्धा. शेवटी अंथरुणावर होती तेव्हा मीच तिचं सगळं करत होते, तेव्हाही म्हणाली."

"पण मॅडम, तुमच्यामुळेच हे कशावरून? दुसरीकडूनही..."

"कोणी तपासलं होतं?" त्या म्हणाल्या.

जीप आली. टपरीवाल्यानं ग्लास घ्यायला हात पुढे केला. मॅडमनी ग्लास दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या, "पितेय अजून."

ग्लास रिकामा होता. टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जीपवाल्याला पुढे जायला खूण केली.