अकरा बाक

रविवार, सकाळी साडेदहा. सोसायटीचं कार्यालय, कोथरूड. उपस्थित: मी (सचिव), खजिनदार देवधर, सबनीसकाका आणि चहा घेऊन आलेल्या, आमच्याकडे घरकाम करणाऱ्या कमलताई. त्यांचं नाव मी लिहिलं नव्हतं. काकांनी लिहायला लावलं.

सबनीसकाका कुणालाही नमस्कार म्हणत नाहीत. लिफ्टमध्ये माणूस दिसला की विचारतात, "आपला प्रभाग क्रमांक?" उत्तर आलं नाही की, "असो. मतदान मात्र करता!" त्यांना टाळायला मी दीड वर्ष जिना वापरतेय. गुडघा गेला, प्रभाग क्रमांक काही पाठ झाला नाही.

विषय होता, महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवण्याचा. मुदत सोमवारपर्यंत. दरवर्षी मी वेळेत अर्ज भरते, 'बाक' सुचवते आणि बाक मिळतात. हे मी माझं कर्तृत्व समजत होते.

"कमलताई, तुमच्या वस्तीनं काय मागितलंय?" काकांनी विचारलं.

"आमच्याकडं मतं मागायला येतात, काका. तुम्ही पण मागा, असं कोण सांगत नाही."

"मागायचं झालं तर?"

"संडासात दिवा. अंधार पडला की पोरी जात नाहीत. संध्याकाळी पाणीच पीत नाहीत."

काका माझ्याकडे वळले. "सचिवबाई, वस्ती आपल्याच प्रभागात. यांना अर्ज माहीत नाही, म्हणून दिवा नाही. आपल्याला माहीत आहे, म्हणून अकरा बाक. लिहा इतिवृत्तात."

"अहो, पण ज्येष्ठांना बाक लागतात," देवधर म्हणाले.

"बसतं कोण?"

माझ्याकडे बाकांची यादी होती, रंगकामाच्या तारखांसकट. बसणाऱ्यांची नव्हती.

"मी बसतो," काका म्हणाले. "ही गेल्यापासून रोज साडेपाचला, रोज वेगळ्या बाकावर. कुणी शेजारी येईल म्हणून. अकराही करून झाले. बारावा नको."

देवधरांनी चहा संपवला. मी 'बाक' खोडून 'दिवा' लिहिलं. वर प्रभाग क्रमांकाची चौकट रिकामी होती. सवयीप्रमाणे मी उतरवून घ्यायला गेल्या वर्षीचा अर्ज शोधू लागले. तेवढ्यात कमलताईंनी क्रमांक सांगितला.

"मतदानाच्या चिठ्ठीवर असतो की, ताई."

सबनीसकाका उठले आणि त्यांनी कमलताईंना चक्क नमस्कार केला.

सोमवारी कमलताईंच्या सहीनं अर्ज दिला, पोच फाइलला लावली. माझ्या यादीत आता एकच काम उरलंय: 'साडेपाच, बाक.' चार दिवस झाले, त्यापुढे खूण नाही. गुडघ्याचं कारण देता येत नाही. बाकापर्यंत एकही पायरी नाही.