एकाहत्तर टक्के

सकाळी बरोबर आठ वाजता निपाणीकर सरांनी संगणकाच्या काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकली, खाली उमटलेले आकडे चष्म्याच्या खालच्या काचेतून दोनदा वाचले आणि वहीत नोंद केली : बासष्ट टक्के पूर्ण, उरलेला अवधी दोन तास.

अंबादास निपाणीकर तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या या ओतकामाच्या फाउंड्रीत लागले, निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच मंगळवारी मालकांनी त्यांना परत बोलावून घेतले. त्यांच्या ताब्यात आता सर्व्हर होता. कारखान्याची सगळी ड्रॉइंग्ज त्यातल्या आठ डिस्कांवर अशी वाटून ठेवलेली होती, की एखादी डिस्क गेलीच तर उरलेल्या सात तिची उणीव भरून काढतील. मात्र या सगळ्यांचा हिशेब एकमेकांशी जुळतो ना, हे पाहण्यासाठी महिन्यातून एकदा आठही डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागत. ही तपासणी सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, उरकत असे. या सोमवारी दुपारभर लाईट नव्हती आणि काम मंगळवारवर आले.

मंगळवारीच साडेअकराला पुण्याहून मोठ्या गिऱ्हाइकाची माणसे यायची होती. "आमची ड्रॉइंग्ज तुमच्याकडे सुरक्षित आहेत, याचा या महिन्याचा पूर्ण अहवाल दाखवा," अशी त्यांची अट होती. अहवाल नाही तर नवे काम नाही. "साडेदहाला कागद तुमच्या टेबलावर ठेवतो," असे सरांनी मालकांना, विजयसिंहांना, छातीवर हात ठेवून सांगितले होते.

पद्धतीप्रमाणे सरांनी कारखान्याच्या ग्रुपवर पहिला अहवाल टाकला : "डिस्क-संचाची तपासणी चालू आहे. ६२ टक्के. अंदाजे अवधी २ तास. कोणीही चिंता करू नये."

सव्वाआठला त्यांनी पुन्हा आज्ञा दिली. चौसष्ट टक्के. अवधी दोन तास चाळीस मिनिटे.

सरांनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. खरे ते कळवलेच पाहिजे, म्हणून त्यांनी तेही ग्रुपवर टाकले. साडेआठला सहासष्ट टक्के आणि तीन तास वीस मिनिटे. पावणेनऊला सदुसष्ट टक्के आणि पावणेपाच तास. तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"निपाणीकर साहेब, हे काय चाललंय? जयसिंगपुरातनं गाडी कोल्हापूरला निघाली, तर मैलाच्या दर दगडाला कोल्हापूरच पुढं गगनबावड्याकडं सरकतंय व्हय?"

"काम पुढेच जातं आहे. वेग कमी झाला आहे."

"मग वाढवा की वेग! पुण्याची माणसं साताऱ्यात चहा प्यायल्यात!"

सरांचे कान तापले. आयुष्यात त्यांनी दिलेली वेळ चुकली नव्हती, आणि आज यंत्र त्यांना खोटे पाडत होते. त्यांनी ऋताला हाक मारली. ही सव्वीस वर्षांची संगणक अभियंती त्यांच्या हाताखाली होती. तिने चार आज्ञा टंकल्या आणि हसू दाबले.

"सर, कुणी फाईल उघडली की तपासणी बाजूला सरकून वाट देते. तिचा स्वभावच तसा. आता या वेळा बघा. आठ वाजून दोन मिनिटांनी सदतीस जणांनी ड्रॉइंग उघडलं. आठ सतराला एकेचाळीस. आठ बत्तीसला चव्वेचाळीस. आठ सत्तेचाळीसला बावन्न."

"एकाच मिनिटाला इतक्या जणांचं काम कसं निघतं?"

"तुमचा मेसेज आला की दोन मिनिटांनी निघतं, सर."

सर उठले ते तडक, ओतकामाचे नमुने घडवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये. तिथला मुख्य कारागीर जोतीराम एका भल्यामोठ्या पंपाचे ड्रॉइंग पडद्यावर उघडून कमरेवर हात ठेवून उभा होता.

"जोतीराम, या पंपाचं काम आज आहे का?"

"न्हाय वो. त्यो गेल्या साली गेला."

"मग उघडलाय कशाला?"

"तुमी लिवलं तपासणी चालू हाय म्हणून. म्हटलं उघडतंय का न्हाय बघावं. सगळ्यात मोठं हेच हाय, हे उघडलं म्हंजी बाकीची उघडत्यात."

"मी लिहिलं होतं, चिंता करू नये!"

"तितंच घोळ झाला की सर. डाक्तर 'चिंता करू नका' म्हणतोय तवाच माणूस जास्त भितंय. आजारी माणसाला बघाय जावं लागतंयच. न गेलं तर बरं दिसतंय व्हय?"

"अहो, तुम्ही बावन्न जण आजाऱ्याच्या छातीवर बसून विचारताय, दम का लागतो म्हणून!"

सर तणतणत परतले. सर्वांना ड्रॉइंग्ज उघडायलाच बंदी घालावी, असे त्यांनी सुचवले. पण यंत्रांना दिवसाची कामे सर्व्हरवरूनच मिळत होती, म्हणजे बंदी घातली की कारखानाच थांबणार. अखेर ऋता म्हणाली, "सर, नऊचा अहवाल टाकूच नका."

सरांच्या दृष्टीने हे कर्तव्यात कसूर करणे होते. तरी त्यांनी मनावर दगड ठेवला. नऊ वाजले. सर गप्प राहिले. ग्रुपही गप्प. नऊ वाजून दहा मिनिटांनी आज्ञा दिली, तर एकाहत्तर टक्के आणि अवधी दीड तास! सरांनी पहिल्यांदा चहा मागवला.

चहा येण्याआधी नऊ-पंधरा झाले. आकडा एकाहत्तरवरच होता. अवधी होता एकोणीस तास.

ऋता धावत आली. "सर, नऊचा मेसेज आला नाही म्हणून सर्व्हर गेला अशी आवई उठलीय. सगळे आपापली ड्रॉइंग्ज पेन ड्राईव्हवर काढून घेतायत. मशीन शॉपचा कृष्णात तर बारा वर्षांची काढतोय."

"मूर्ख! अडाणी! मी खरं सांगितलं तरी विश्वास नाही, गप्प बसलो तरी विश्वास नाही! काय करायचं मी या लोकांचं?"

"एकच राहिलंय," ऋता हळूच म्हणाली.

ते एकच काय, हे सरांना तिच्या डोळ्यांत दिसले आणि त्यांचा चेहरा पडला. नापास मालावर पासचा शिक्का मारायला त्यांनी एकदा खुद्द विजयसिंहांच्या वडिलांना नकार दिला होता. मग त्यांनी फोन उचलला आणि एका बोटाने, अक्षर अक्षर वेचत, लिहिले : "तपासणी पूर्ण. १०० टक्के. सर्व ठीक."

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. पेन ड्राईव्ह निघाले. पडदे मिटले. सदतीस नाही, एकही माणूस ड्रॉइंग उघडून पाहायला आला नाही. खोलीत आठ डिस्का एका सुरात गुणगुणू लागल्या.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी तपासणी खरोखर पूर्ण झाली. तफावत शून्य. सरांनी अहवाल छापला, खरी वेळ घालून सही केली आणि कागद स्वतः मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बावीस मिनिटे उशीर झाला होता, पण पुण्याची गाडी अजून वाटेत होती, उजळाईवाडीलाही पोचली नव्हती. काम वाचले.

परतताना पॅटर्न शॉपच्या दारात जोतीराम भेटला. सरांना राहवेना.

"जोतीराम, मी शंभर टक्के लिहिल्यावर तुम्ही तो पंप उघडून बघितलात का हो?"

"कशापायी?"

"खरंच झालंय की नाही, म्हणून!"

"सर," जोतीरामने दुखावल्यासारखे पाहिले, "तुमी स्वता लिवल्यावर आमी तपासायचं व्हय? एवढा बी इस्वास न्हाय काय आमचा तुमच्यावर?"

सर तणतणत खोलीत परतले, वही उघडली आणि शंभर टक्क्यांच्या अहवालापुढे खरा आकडा लिहिला : एकाहत्तर टक्के.