सात कवळ्या आणि एक पाटी

मला कम्प्युटर कोणी शिकवला नाही. माझा मीच शिकलो, आणि म्हणून डिग्रीवाल्यांपेक्षा मला जास्त कळतं, असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगत असे. 'असे' हा शब्द नीट वाचा!

आमच्या वहिनी कवळ्या बनवतात. दिवसा दुसऱ्याच्या लॅबमध्ये नोकरी, आणि घरामागच्या खोलीत स्वतःचं मशीन. कवळीचा आराखडा कम्प्युटरवर तयार करायचा, मग मशीन थरावर थर चढवत कवळी उभी करतं. एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच सात कवळ्यांचं काम दिलं होतं. ते पसंत पडलं की कायमचं काम, आणि लॅबमधल्या खडूस साहेबाला रामराम! नेमकं कवळ्या द्यायच्या दिवशी वहिनींच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं.

"भाऊजी, आराखडे तयार आहेत. एकेका पेशंटची फाइल 'आज' फोल्डरमध्ये टाकायची आणि बटण दाबायचं. डोकं लावू नका."

डोकं लावू नका? मला?

सात वेळा फायली उचलून टाकायच्या, ही काय हमाली आहे? मी 'आज' फोल्डर उडवला आणि त्याच्या जागी सिम्बॉलिक लिंक लावली. ती म्हणजे दारावरची पाटी हो! आत काही नसतं, 'खरा माल अमक्या खोलीत' एवढंच ती सांगते. पाटी फिरवली की मशीन पुढच्या पेशंटकडे जाणार. आधी पाटी 'चाचणी' नावाच्या जुन्या फोल्डरकडे वळवून मशीन चालू केलं. त्याने फाइल बरोब्बर ओळखली. मग पाटी पहिल्या पेशंटकडे फिरवली आणि बटण दाबलं. पडद्यावर 'आज'. दुसऱ्याकडे फिरवली. पडद्यावर 'आज'. मी चहा पीत राजासारखा बसलो.

चार वाजता सात डब्यांत सात कवळ्या, वर सात नावं. एक हातात घेतली, तर का कोण जाणे, फार जवळची वाटली. आपल्या हातचं काम म्हणून असेल!

पाच वाजता वहिनी परतल्या, पाठोपाठ डॉक्टरबाई. त्यांनी पहिला डबा उघडला.

"आजींच्या पुढच्या दातावर दुसरा दात चढलाय?"

दुसरा डबा. तोच दात चढलेला. तिसरा, चौथा... वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं.

"सातही जणांचा एकच दात वाकडा?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"भाऊजी, काय केलंत?"

"मी? मी काही केलं नाही! हे मशीन बनवणारेच चोर! लोकांना गंडवतात, दात विचकून पैसे घेतात आणि भंगार गळ्यात मारतात! चोर!"

डॉक्टरबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. डोळ्यांकडे नाही, जरा खाली. मग डब्यात बघितलं. मग परत माझ्याकडे.

"जरा पुन्हा ओरडा बघू."

"काय?"

"चोर म्हणा. मोठ्याने. हं... आता आ करा."

मशीन घरी आलं, तेव्हा चाचणीसाठी माझ्याच दातांची नक्कल घेतली होती. घरात रिकामटेकडं तोंड तेवढंच होतं! आणि त्या गाढवाने पाटी सकाळी एकदाच वाचली, खऱ्या खोलीचा पत्ता पाठ केला, नंतर पाटीकडे ढुंकूनही बघितलं नाही. गाढव म्हणजे मशीन. निदान तेव्हा तरी मी तसंच म्हणालो.

डॉक्टरबाई पोट धरून हसल्या. "नक्कल मात्र हुबेहूब! उद्या संध्याकाळपर्यंत खऱ्या कवळ्या द्या, वहिनी. आवडल्या तर पुढचं काम तुमचंच. फक्त यांना खोलीबाहेर ठेवा."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सात वेळा फायली उचलून टाकल्या, सात वेळा बटण दाबलं. काम पसंत पडलं. संध्याकाळी माझ्या टेबलावर सात डबे येऊन आदळले.

"माझंच तोंड मला कशाला, वहिनी?"

"ठेवा, भाऊजी. बढाया मारायला तुम्हाला एक कुठे पुरतं?"