गंपूने पाणी विचारलं

एका जंगलात अशी थंडी पडली की, बाळांनो, वाघसुद्धा डरकाळीच्या आधी शिंकायचा.

तिथे साळूबाई नावाची साळिंदर राहायची. अंगभर काटे, म्हणून तिच्याशेजारी कुणी बसत नसे. तिच्या बिळात एक कुंडी होती आणि कुंडीत बारमाही उकाड्याच्या रानातून आणलेलं रुंद पानांचं झाड. तेवढीच तिला सोबत. तिचा त्याच्यावर फार जीव होता.

थंडी आली आणि झाडाची पानं पिवळी पडू लागली. साळूबाई घाबरली. जंगलात सल्ल्यांना काय तोटा! कोल्होबा म्हणाले, "अशक्तपणा आहे. पाणी दुप्पट करा." अस्वल म्हणालं, "चुलीला खेटून ठेवा." माकडाने तर कुंडीत डिंकाचे लाडू पुरले. झाडाची पानं गळायला लागली.

त्यातच साळूबाईला बहिणीच्या बाळंतपणाचं बोलावणं आलं. झाड सांभाळायला शहाण्यांपैकी कुणालाच वेळ नव्हता. ते सल्ले देण्यात गुंतले होते. उरलं गंपू गाढव.

"गंपू," साळूबाई डोळे पुसत म्हणाली, "दाराशी ऊन येतं, तिथे ठेव. आणि रोज पाणी विचारत जा बरं."

"विचारतो, काकी."

आता पाणी विचारायचं म्हणजे द्यायचं, हे तुम्हाआम्हाला कळतं. गंपू पडला गाढव. तो रोज सकाळी कुंडीसमोर उभा राहून म्हणे, "पाणी घेणार का?"

झाड बोलत नसे. "बरं," म्हणून गंपू निघून जाई.

कधीतरी माती सुकून पानं खाली झुकत. गंपूला वाटे, मान डोलावली. मग तो करवंटीभर पाणी घाली.

हे पाहून कोल्होबा खवळले. "अरे गाढवा, पाहुणा नको म्हणाला तरी आग्रह करून वाढायचं असतं."

"हे नकोसुद्धा म्हणत नाही," गंपू म्हणाला.

थंडी सरली. साळूबाई परत निघाली. वाटेत कोल्होबा भेटले. "मन घट्ट करा. गाढवाच्या हाती दिलं होतंत."

ती रडतच दाराशी पोचली. झाडाला कोवळी हिरवीगार पानं फुटली होती. साळूबाई आनंदाने एकेक पान कुरवाळू लागली.

"काय घातलंस रे याला?" तिने विचारलं.

"काही नाही. विचारत होतो."

कोल्होबांनी लगेच सभा घेतली. आपल्या उपचाराचा गुण उशिरा येतो, असं त्यांनी सांगितलं. जंगलाने त्यांना झेंडूचा हार घातला.

"हार खाऊ का?" गंपूने विचारलं.

कोल्होबा टाळ्यांना मान डोलावत होते. गंपूने हार खाल्ला.

तात्पर्य: विचारून उत्तराची वाट पाहणाऱ्याला गाढव म्हणतात. तुम्ही तसे नाही, बाळांनो, तुम्ही शहाणे आहात. उठा, कुंडीत पाणी ओता.