चार पॉइंट छप्पन्न

निर्णय घ्यावा तर आमच्यासारख्या बँकवाल्यानं! भावना बाजूला, आकडे समोर आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यावर बोट. आयुष्यभर लोकांच्या ठेवी मी अशाच लावून दिल्या आणि अजून कुणी मारायला आलेलं नाही. त्यामुळे दादाच्या गाडीला मागच्या आसाचा कुठला गिअर बसवायचा हा प्रश्न आला, तेव्हा मी मिशीवर हात फिरवून म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! मिशी मला नाही, पण हात फिरवला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेल्या वर्षी गेला. मागे राहिली वहिनी, आणि गॅरेजात ती दोन दारांची, लांब नाकाची गाडी. इंजिन शर्यतीच्या ताकदीचं, पण दादानं तिला भाजी आणायलासुद्धा नेलं. आता वहिनी कायमची मुलीकडे राहायला निघाली होती. तिनं एवढंच मागितलं, "छोट्या, मला दादाच्या गाडीतून सोड." मी पन्नाशी ओलांडली, डोक्यावरचं सगळं पीक गेलं, पण या बाईनं मला शाळेचे डबे भरून दिलेत. तिच्या लेखी मी छोट्याच.

खरं सांगू? मला ती जायलाच नको होती. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, खिडकीत ऊन येतं. "वहिनी, जाऊ नकोस, आमच्याकडे राहा," एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते घशापर्यंत यायचं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडायचं. तीनदा मी तिला खोक्यांना लावायची चिकटपट्टी पुरते का, असं विचारून परत आलो.

बायको म्हणाली, "अहो, गाडीचं राहू द्या, आधी त्यांच्याशी बोला."

मी म्हटलं, गाडीतच बोलेन की. लांबचा रस्ता, शेजारी वहिनी, दादाची गाडी. आपोआप सुचेल.

गाडी मात्र मागून कण्हत होती. मिस्त्रीनं तिच्याखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि सांगितलं, की मागची चाकं फिरवणारी दात्यांची जोडी पार झिजली आहे. नवी घालायची, पण कुठली ते तुम्ही ठरवा. मग त्यानं मला समजेल असं समजावलं. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, तो हा आकडा. आकडा मोठा असला की गाडी सिग्नलवरून उसळते, पण लांबच्या रस्त्यावर इंजिन ऊर फुटेस्तोवर ओरडतं. लहान असला की निघताना जरा आळस, पुढे सगळं शांत. जुनी जोडी तीन पॉइंट शून्य आठची होती. तसलीच एक त्याच्याकडे होती, दुसरी तीन पॉइंट त्र्याहत्तर आणि तिसरी चार पॉइंट छप्पन्न.

"साहेब, गाडी चालवणार कुठं?" त्यानं विचारलं.

आता तुम्हीच सांगा. तीन टक्के, पावणेचार टक्के आणि साडेचार टक्के. तुम्ही काय घ्याल? शिवाय तरुणपणीचा दादा माझ्या डोळ्यांपुढे होता. हिरवा दिवा लागला की हा पठ्ठ्या मागच्यांना धूर देऊन दिसेनासा व्हायचा. मी मिस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही. चार पॉइंट छप्पन्नवर बोट ठेवलं.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, की मग मीटरचं छोटं चाकही बदलावं लागेल, कारण काटा जुन्या हिशेबानं चालतो, वेग भरमसाट दाखवेल. पण ते चाक यायला वेळ लागणार होता आणि वहिनीचा जायचा दिवस ठरलेला. मी म्हटलं, काट्याचं मागाहून बघू! तो सगळा महिना मी बँकेतून सुटलो की मिस्त्रीचं गॅरेज गाठायचो. गाडीला पॉलिश केलं, दारांच्या कड्या चमकवल्या. वहिनी तिकडे एकटीच खोकी भरत होती.

निघालो. पहिल्याच सिग्नलला गाडीनं अशी उडी घेतली, की वहिनीच्या मांडीवरची कुंडी माझ्या मांडीवर आली. दुसऱ्या सिग्नलला ती परत गेली, माती माझ्याकडे ठेवून. वहिनीनं दाराची कडी धरली, ती मी चमकवलेली.

मग मोठा रस्ता लागला आणि इंजिन बोंबलू लागलं. बोंबलणं म्हणजे काय, घरात एकाच वेळी दहा मिक्सर लावा आणि झाकणं काढा! काटा नव्वदवर. मी छाती फुगवून सगळ्यांत वेगवान रांगेत घुसलो. तेवढ्यात गाद्या भरलेला एक टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. मला त्या चालकाची काळजी वाटली. गाद्या घेऊन कुणी इतकं बेफाम जातं का? पाठोपाठ एक शाळेची बस गेली. हल्ली कुणाला जिवाची पर्वाच उरलेली नाही.

मी घसा साफ केला. "वहिनी, जाऊ नकोस!" मी ओरडलो. तिनं मला पाण्याची बाटली दिली. प्यायलो, पुन्हा ओरडलो. तिनं रुमाल दिला. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा तिनं माझी काच वर केली आणि माझ्याकडे फार मायेनं बघितलं. बिचारीला वाटलं असावं, याला वारं लागतंय.

पुढच्या वळणावर पोलिसानं हात केला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तो काही विचारायच्या आत कबूल करून टाकलं. नव्वदनं चालवत होतो, चुकलं, भावाची गाडी आहे, मोह आवरला नाही.

त्यानं शांतपणे मान हलवली. "काका, तुम्ही जेमतेम साठनं चाललाय. वेगवान रांगेतून. जरा मागं बघा."

मी आरशात पाहिलं. माझ्यामागे अडकलेली गाड्यांची रांग आता एकेक करून सुटत होती आणि प्रत्येक गाडीतून एक माणूस मला बघून जात होता. काट्याचं मागाहून बघू!

पोलीस गेला. आणि इतकी शांतता झाली, की वहिनीच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. ती हसत होती. दादा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

"लग्नानंतर तुझ्या दादानंही हाच गिअर घातला होता," ती म्हणाली. "पहिल्याच लांबच्या फेरीनंतर काढून टाकला. मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, सिग्नल घटकाभराचा असतो, रस्ता दिवसभराचा. तुझं बोलणं ऐकू यायला नको?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "वहिनी, जाऊ नकोस. आमच्याकडे राहा."

तिचं हसू हळूहळू मावळलं. ती कुंडीतल्या रोपाची पानं पुसू लागली.

"छोट्या, महिनाभर वाट बघितली रे मी," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज येशील आणि म्हणशील. तू यायचास, चिकटपट्टी विचारून जायचास. तोवर तिकडे पोरगी तयारीला लागली. तिनं नोकरीच्या वेळा बदलून घेतल्या, खोली रंगवली. आता नाही म्हणवत."

"पण म्हणालो असतो तर?"

"तर राहिले असते."

मी किल्ली फिरवली. नंतर काही बोलायची सोयच नव्हती.

मुलगी फाटकातच उभी होती. कुंडी आत गेली, पिशव्या आत गेल्या. वहिनीनं जाताना गाडीच्या नाकावरून हात फिरवला, मग माझ्या टकलावरून, आणि सावकाश जा म्हणाली. सावकाश! या गाडीला दुसरं येतंय काय?

परतताना तोच टेम्पो गाद्या उतरवून मला पुन्हा मागे टाकून गेला. चालकानं ओळखीचा हात केला. मीही केला. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर थोडी माती सांडली होती. या गिअरचा एक फायदा मिस्त्रीनं मला सांगितला नव्हता. पन्नाशीच्या माणसानं भर रस्त्यात गळा काढला, तरी बाहेर काही ऐकू जात नाही.

घरी आलो. बायको दारातच उभी होती. माझ्यामागे कुणी उतरतंय का, हे तिनं आधी पाहिलं.

"बोललात?"

"बोललो."

"मग?"

"गिअर चुकला," मी म्हटलं.