पुरी उभी पाहिजे

लग्नात किंवा निरोपसमारंभात नाश्त्याचा डबा हातात आला की माणसं तो उघडतात. रामटेके काका आधी तो कानाशी नेऊन हलवतात. आत काय सरकलं आणि कशावर जाऊन आदळलं, हे ते ऐकतात. मग जाहीर करतात, "बर्फी सामोशावर गेली," आणि झाकण उघडतात. बर्फी सामोशावर गेलेली असते.

"आता पाहा," ते शेजारच्याला सांगू लागतात. शेजारच्याने काहीच विचारलेलं नसतं. "सामोसा तीन कोन्याचा, डबा चार कोन्याचा. सपोर्ट कुठं आहे त्याले? बिचारा पडला नाही तर काय करन?"

मग ते सामोसा खातात, बर्फी शेजारच्याच्या डब्यात ठेवतात आणि आपला रिकामा डबा घडी करून पिशवीत टाकतात. कुरुदला त्यांच्या घरी दिवाणाखाली असे घडी केलेले डबे रचून ठेवले आहेत. प्रत्येकावर पेन्सिलीने शेरा आहे. "लाडू सैल." "चटणी फरार." एका मोठ्या हॉटेलच्या गुळगुळीत डब्यावर फक्त "दिखावा" एवढंच लिहिलंय.

काका स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाले. नोकरीभर त्यांनी पाइपांना आधार देणाऱ्या ब्रॅकेटची ड्रॉइंगं काढली. गरम पाइप, थंड पाइप, वाकलेला, लटकलेला, प्रत्येकाला कुठे टेकू द्यायचा हे काका ठरवायचे. प्लांटच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडून ते कुरुदला राहायला गेले तेव्हा पाइप मागे राहिले, टेकू द्यायची सवय सोबत आली. शेजारच्या नव्या जोडप्याचं भांडण ऐकूनही ते म्हणाले होते, "लोड दोघांचा, सपोर्ट एकाच साइडनं. टिकून राहिलं हेच लय झालं."

माझी त्यांची ओळख विहाराच्या कमिटीतली. मी सिविक सेंटरमधल्या एका बँकेत काम करते. विहारात कार्यक्रम असला की सामानाची यादी, माणसांची यादी आणि ऐन वेळी राहून जाणाऱ्या गोष्टींची यादी माझ्याकडे असते. ही तिसरी यादी मी कार्यक्रमाच्या आधीच करून ठेवते.

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली की आमच्याकडे खीर वाटतात. सोबत पुऱ्या, भाजी आणि लाडू असतो. पूर्वी पंगत बसायची. आता कोणाला शिफ्टला पळायचं असतं, कोणी रात्रपाळी करून थेट आलेलं असतं, म्हणून सगळं एका पिशवीत भरून हातात देतो. ज्यांना वेळ असतो ते तिथेच बसून मांडीवर घेऊन खातात. खीर पातळ प्लास्टिकच्या ग्लासात असते आणि ग्लास कसा वागतो ते सर्वांना माहीत आहे. यंदाच्या बैठकीत काकांनी तोच विषय काढला.

"पिशवी बंद करा. चारही पदार्थ आपापल्या जागेवर उभे राहतीन, दिसतीन, असा डबा पाह्यजे."

कमिटीचे गजभिये भाऊ खर्चाचं पाहतात आणि टोमण्यांचंही. ते म्हणाले, "काका, पोटात जाऊन सगळं एकच होते. तुमाले काय तकलीफ आहे?"

"पोटात होऊन राहिलं थे मले दिसत नाही, भाऊ. डब्यातलं दिसते."

हे बराच वेळ चाललं असतं. बोलणाऱ्या माणसाला काम दिलं की बैठक लवकर संपते, हा माझा अनुभव आहे. मी काकांना म्हटलं, "तुम्हीच डबा करा." ठरलं असं, की यंदा एकदा करून पाहायचं. फसलं तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा पिशवी, आणि काकांनी हा विषय कायमचा बंद करायचा. काका कबूल झाले. त्यांची एकच अट होती. "सगळ्यांले सेम डबा. लहान पोराले थोच, अध्यक्षाले थोच. एकही डबा कोणासाठी वेगळा नाही बनणार."

अशी अट घालायला कोणी वेगळा डबा मागितलाच नव्हता. पण बैठक संपत होती, म्हणून मी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका फूटपट्टी घेऊन मंदाताईंकडे गेले. आमच्या पुऱ्या मंदाताई तळतात.

"पुरीची जाडी किती?"

"कोणती जाडी? फुगल्यावरची की फुगायच्या आधीची?"

काकांनी याचा विचार केला नव्हता. "दोन्ही सांगा."

"फुगली तर फुगली, नाही तर नाही. पुरी का मले विचारून फुगते, भाऊ?"

"पण मले खाच कापाची आहे न. पुरी त्या खाचेत उभी पाह्यजे. फाइलीवानी."

"उभी कावून? उभ्यानं काय पहारा देणार आहे थे?"

काकांनी दोन पुऱ्या मागून घेतल्या, खिशातल्या कागदात गुंडाळल्या आणि निघाले. मंदाताईंनी मला फोन करून विचारलं, "हा माणूस ठीक आहे ना?"

मी रविवारी कुरुदला गेले. डबा मिठाईच्या दुकानात मिळतो तसाच दोन भागांचा होता, खाली खोल भाग आणि वर उथळ झाकण. झाकणाला पारदर्शक कागदाची खिडकी, म्हणजे न उघडता सगळं दिसावं. खरी करामत आतल्या पुठ्ठ्याची. कडा दुमडून त्याला पाय केलेले, खिरीच्या वाटीसाठी गोल भोक, लाडवासाठी लहान भोक, भाजीच्या द्रोणाला चौकोनी, आणि पुऱ्यांना खाचा. काका खुर्चीत बसले होते. मांडीवर उघडा डबा, वाटीत खिरीऐवजी पाणी. आणि ते दोन्ही गुडघे जोरजोरात हलवत होते.

"ऑटोची टेस्टिंग करून राहिले का?" मी विचारलं.

उत्तर आतल्या दारातून आलं. "अजून हालवा. माहा हात याच्याहून जास्त हालते."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात पोटाशी धरलेला होता आणि डाव्या हाताने त्यांनी तो दाबून धरला होता. तरी तो हलत होता. काकू कितीतरी दिवसांत विहारात दिसल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, असं काका सांगायचे.

काका पाणी बदलायचं निमित्त करून आत गेले. काकू माझ्याजवळ बसल्या.

"गुडघे बरे आहेत माहे," त्या म्हणाल्या. "मागं एकदा पौर्णिमेले सगळी रस्साभाजी साडीवर पडली. पांढऱ्या साडीवर! चारचौघी धावत आल्या. राहू द्या काकू, राहू द्या. द्रोण हातातून काढून घेतला अन् एकीनं घास भरवला. चांगल्या मनानंच भरवला हो. पण सगळ्या विहारासमोर लहान पोरावानी तोंड उघडाव लागलं मले. तवापासून मी गेली नाही."

"मग तुमच्यापुरता एक वेगळा डबा..."

"थे तर कवाच करून दिला असता यायनं. मीच म्हटलं, वेगळा डबा दिसला की पुन्हा सगळे माह्याच हाताकडे पाहतीन. सगळ्यांचा असन तर येतो."

म्हणजे प्रश्न पिशवी की डबा हा नव्हताच. काकू विहारात येऊन आपल्या हाताने खाणार की नाही, एवढाच होता. मी उठले, भाजी सुकी करायची असं यादीत लिहिलं आणि घरी आले.

काकांनी ड्रॉइंग काढलं. माझ्या घराचा नकाशा इतका नीट काढलेला नाही. ते घेऊन ते पावर हाउसच्या बाजारात एका खोकेवाल्याकडे गेले, समजावून आले, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी गठ्ठे त्यांच्या अंगणात उतरले. डबे चांगले जाड होते. पुठ्ठ्याची भोकं बरोबर होती, खाचाही बरोबर होत्या. खिडकी मात्र झाकणाला नव्हती. प्रत्येक डब्याच्या बुडाला होती.

मी पोचले तेव्हा खोकेवाला ड्रॉइंगवर बोट ठेवून छत्तीसगढीत सांगत होता. "कका, तुमन खिड़की ला नीचे म बनाय रहेव, त हमन नीचे म काट देन."

त्याचं चुकलं नव्हतं. प्लांटच्या ड्रॉइंगमध्ये वस्तू समोरून कशी दिसते ते वर काढतात आणि वरून कशी दिसते ते त्याच्या खाली. काकांनी उभ्या जन्मात दुसऱ्या पद्धतीने काढलं नव्हतं. खालचं चित्र म्हणजे वरची बाजू, हे त्यांच्या ऑफिसात शिपायालाही कळायचं. खोकेवाल्याला खाली काढलेलं ते खालचंच वाटलं.

गजभिये भाऊ तेवढ्यात तिथे पोचले. त्यांनी एक डबा डोक्याच्या वर धरला आणि खालून आत पाहिलं. "मस्त आहे, काका. खीर पाह्याची असन तर माणसानं डब्याखाली जाऊन झोपाव."

काका हसले नाहीत. डबा उलटसुलट करून त्यांनी खाली ठेवला. "लॉट रिजेक्ट," ते म्हणाले. "पिशव्या आणा. मी हरलो."

आतल्या दारात काकू उभ्या होत्या. पौर्णिमेला नेसायची साडी बाहेर दोरीवर वाळत होती, ती काढायला गेल्या.

मला अशा वेळी हळहळायला जमत नाही. मी एक डबा उचलला आणि उलटा केला. उथळ झाकण खाली ठेवलं, त्यात पायांचा पुठ्ठा बसवला, त्यावर वाटी. मग खोल भाग वरून टोपीसारखा घातला. खिडकी वर आली. आतली वाटी दिसत होती.

"असं चालेल," मी म्हटलं.

"ड्रॉइंगमध्ये असं नाही," काका म्हणाले.

"ड्रॉइंग कोण खाणार आहे?"

"बाई, वरचा भाग काढला की भिंतच नाही राहत. खाली नुसती ताटली!"

"भिंत कशाला हवी? सपोर्ट पुठ्ठ्याचा आहे म्हणून तुम्हीच सांगत होता ना?"

काकूंनी साडी खांद्यावर टाकली, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "इकडे द्या. पाणी टाका वाटीत."

आम्ही दिलं. त्यांनी मांडीवर डबा ठेवला, टोपी काढून बाजूला ठेवली. हात पुढे केला. हात हलत होता, चमचा हलत होता, पुठ्ठा जागचा हलला नाही. चमच्यातलं थोडं पाणी पुठ्ठ्यावर सांडलं, साडीवर नाही. त्यांनी पुन्हा चमचा बुडवला.

"पहिले भिंतीले मनगट लागत होतं," त्या म्हणाल्या. "आता नाही लागत."

काका डबा पाहत होते. मग खोकेवाल्याकडे वळून अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "मॉडिफिकेशन मंजूर."

एक अडचण उरली होती. असा उलटा डबा वरून उचलला तर नुसती टोपीच हातात येते आणि खीर जागेवर राहते. ती माझ्या तिसऱ्या यादीत गेली. संध्याकाळी पावर हाउसला जाऊन मी डब्यांभोवती लावायला रबर आणले.

पौर्णिमेच्या सकाळी विहारात नेहमीसारखी गर्दी होती आणि वंदना संपेपर्यंत उकाडा चढला होता. काकू बायकांच्या बाजूला, खांबाजवळ बसल्या होत्या. डबे वाटले. सगळ्यांनी रबर काढले, टोप्या काढल्या. पुऱ्या खाचेत उभ्या होत्या, ज्या फुगल्या होत्या त्या आणि ज्या नव्हत्या त्याही. मंदाताई मोठ्याने म्हणाल्या, "पाहा बाप्पा, माही पुरी सावधान उभी आहे!" सगळे हसले आणि आपापल्या मांडीकडे पाहू लागले. काकूंकडे कोणी पाहिलं नाही. त्या सावकाश खात होत्या.

काका दारापाशी उभे होते. त्यांनी डबा घेतला नव्हता. बाहेरच्या चपला बघत असल्यासारखे ते उभे होते.

खाऊन झाल्यावर काकूंनी पदर सारखा केला. वाटपाच्या टेबलावरून रबर लावलेला एक डबा दोन्ही हातांत घेतला आणि त्या दाराकडे निघाल्या. डबा हलत होता. खिडकीचा कागद एवढा थरथरत होता की त्याचा आवाज येत होता. रांगेतल्या दोन बायका उठायला लागल्या. गजभिये भाऊ तर उठलेच. "काकू, द्या इकडे, मी नेतो."

"बसा, भाऊ," काका म्हणाले. फार मोठ्याने नाही. गजभिये भाऊ बसले.

काका स्वतःही पुढे आले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे धरून ते जागेवर उभे राहिले. काकू सगळा हॉल ओलांडून त्यांच्यापर्यंत आल्या तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केले.

"घ्या," काकू म्हणाल्या. "हात हालाले लागला तवापासून माह्या हातचं वाढून नाही घेतलं तुम्ही. सगळं सोताच करता."

"इथं उभ्यानं खातो मी."

"उभ्यानं कावून? तिकडे माह्याजवळ जागा आहे."

"तिकडे बायका बसतात."

"चला म्हटलं ना!"

काका बायकांच्या बाजूला जाऊन, खांबाला टेकून, काकूंच्या शेजारी बसले. आमच्या विहारात असं कोणी बसत नाही. गजभिये भाऊंनी एकदा तिकडे पाहिलं आणि पुरी खाऊ लागले. काका खाली मान घालून जेवत होते. मध्येच त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

खांबाजवळ वारा येत नव्हता. मी कूलर त्या बाजूला वळवला, टोप्या उडणार नाहीत इतपतच.