डाव्या कानाखालचे काका

घाटकोपरच्या चाळीत दाढी करता करता दत्तारामचा वस्तरा अडला. डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ! दुखत नव्हती, खुपत नव्हती. बोटाने दाबली तर हळूच बाजूला सरकली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण अशीच गाठ, नेमकी त्याच जागी, त्याचे लवूकाका चाळीस वर्षं बाळगून होते. आणि लवूकाकांना जाऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"काका?" भर उजेडात, आरशासमोर तो पुटपुटला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आता चूक कुणाची म्हणाल, तर त्याचीच. काकांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. "काकीला सांभाळू," म्हणून झालं, "कलमांना पाणी घालू," म्हणून झालं. कावळा आपला भिंतीवर ढिम्म. ऊन चढलं, सगळ्यांच्या पोटातले कावळे ओरडू लागले, तेव्हा दत्तारामने हात जोडून सांगून टाकलं, "काका, हवं तर माझ्याकडेच राहा!" कावळा झपकन खाली आला. असली वचनं मोघम द्यायची नसतात, पण भुकेल्या माणसाला अक्कल कुठली!

रुक्मिणीकाकीला त्याने गावाहून घाटकोपरला आणलंच होतं. तिने गाठ पाहिली आणि ती मटकन खाली बसली. "दत्तू, हे इले रे!"

तिथून घराची वाट लागली. काकांना तपकिरीचं व्यसन, म्हणून काकी रोज सकाळी गाठीला चिमूटभर तपकीर लावू लागली. दत्ताराम साकीनाक्याच्या कारखान्यात टाइमकीपर. तो शिंकत शिंकत कामगारांची हजेरी घेई. पानात रोज काकांची आवडती कारल्याची भाजी. तो नको म्हणाला की काकी डोळे वटारी, "तुका नाय वाढलंय, ह्येंका वाढलंय. गप खा!"

रविवारी दुपारी ती त्याच्या डाव्या बाजूला बसे आणि गाठीकडे टक लावून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटे. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी दत्तारामला तेवढा कोपरा गार पडल्यासारखा वाटे. त्यातून काकांना विचारात पडले की गाठ कुरवाळायची सवय होती. आता दत्तारामचाही हात आपोआप तिथे जाऊ लागला. तो झटकून काढला तरी पुन्हा जाई.

पण खरा घात केला बायकोने. सुलक्षणा त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊ लागली, आणि एके दिवशी बिछाना उचलून स्वयंपाकघरात गेली.

"अगं, मी तुझा नवरा ना?"

"उजवीकडून," ती दाराआडून म्हणाली. "डावीकडे चुलतसासरे आहेत. त्यांच्यादेखत? शी! लाज नाही वाटत?"

"मग कापून टाकतो ही गाठ!"

"आणि दिलेला शब्द? काकींना दुसऱ्यांदा विधवा करणार काय?"

दोन महिने त्याने असे काढले. शेवटी दोघींना घेऊन तो मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात गेला. सर्जननी गाठ चाचपली, सुईच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला. "लाळेच्या ग्रंथीतली गाठ आहे. साधी, कॅन्सर नव्हे."

"पण काकांनाही इथेच होती!"

"योगायोग. ठेवू मात्र नका, पुढे बिघडू शकते. चेहऱ्याची शीर सांभाळून काढू, आणि बरणीत घालून तपासायला पाठवू."

दत्तारामने काकीकडे पाहिलं. ती नको म्हणाली असती तर त्याच्याच्याने सही झाली नसती. मग गाठ जन्मभर कानाखाली आणि बायको जन्मभर स्वयंपाकघरात.

"एक आहे," सर्जन म्हणाले. "हिचा कण जरी मागे राहिला, तर काही वर्षांनी परत येते."

काकीचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठून उभी राहिली.

"काकी, तू नको म्हणत असशील तर..."

"मेल्या, नको कशाक म्हणू? चाळीस वरसां ह्येंचो राग सोसलंय मी! दर रविवारी ह्या गाठीजवळ बसान हात जोडून सांगतंय, आता तरी जावा, आता तरी जावा!" मग ती सर्जनकडे वळली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "डॉक्टरानु, मुळासकट काढा. आणि त्या बरणीचा झाकण घट्ट लावा."